गावच्या दवाखान्यात गाठ किंवा तीळ काढून घेण्यापूर्वी

पाठीवरचे आवाळू, मानेवरची चामखीळ, टाळूवरची गाठ, तळपायातले कुरूप, बोटात आत वाढलेले नख अशा तक्रारी घेऊन रत्नागिरी-सिंधुदुर्गातील माणूस सहसा थेट सर्जनकडे जात नाही. तो आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारतो, आणि ते ‘सोमवारी या, काढून टाकू’ म्हणाले की निश्चिंत होतो. यात वावगे काही नाही. मी स्वतः एका तालुक्याच्या गावी तीसहून अधिक वर्षे दवाखाना चालवला आणि अशा शेकडो गाठी तपासणीच्या टेबलावरच काढल्या. काम चांगले झाले की लोक ‘डॉक्टरांना हातगुण आहे’ असे म्हणतात आणि जखम चिघळली की नशिबाला किंवा खाल्लेल्या वांग्याला बोल लावतात. प्रत्यक्षात या छोट्या शस्त्रक्रियांचा दर्जा ज्यांवर अवलंबून असतो त्यांतल्या बऱ्याच गोष्टी रुग्णाला डोळ्यांनी पाहता येतात आणि तोंडाने विचारता येतात. त्या कोणत्या, हे पुढे सांगितले आहे.

आधी एका अभ्यासाचा उल्लेख करतो. इंग्लंडच्या दक्षिण भागात त्वचेच्या किरकोळ शस्त्रक्रियांसाठी आलेल्या रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करण्यात आली. काहींची शस्त्रक्रिया रुग्णालयात झाली, तर काहींची फॅमिली डॉक्टरांकडे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रुग्णालयातील काम किंचित सरस होते, पण फरक मोठा नव्हता. समाधानाच्या बाबतीत तर फॅमिली डॉक्टरांकडचे रुग्णच पुढे होते. खरी उणीव दुसरीकडे निघाली. जे डाग किंवा गाठी पुढे कर्करोगाच्या ठरल्या, त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश फॅमिली डॉक्टरांनी तशा म्हणून ओळखल्याच नव्हत्या. तिथले डॉक्टर आणि तिथली व्यवस्था वेगळी असली, तरी माझा स्वतःचा अनुभव हेच सांगतो. टाका घालायला हात लवकर बसतो, पण आपण काय कापत आहोत हे ओळखायला नजर बसावी लागते, आणि ती बसली आहे असे वाटू लागते तेव्हाच माणूस फसतो.

म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर पहिला प्रश्न ‘कधी काढायची?’ हा न विचारता ‘ही नेमकी कसली गाठ आहे, आणि ती इथे काढण्यासारखी आहे का?’ असा विचारावा. आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींना सरसकट ‘चरबीची गाठ’ म्हणतात. खरे आवाळू, म्हणजे चरबीचा मऊ गोळा, त्वचेच्या खाली असतो. त्यावरची त्वचा चिमटीत वेगळी धरता येते आणि बोटाने कड दाबली की गोळा खालून निसटतो. दुसरी गाठ त्वचेलाच चिकटलेली असते, त्वचेबरोबरच हलते, आणि नीट पाहिल्यास तिच्या माथ्यावर मोहरीहून लहान असा काळा ठिपका दिसतो. ही दुसरी गाठ म्हणजे एक पिशवी असते आणि तिच्यात पांढरट, आंबूस वासाचा लगदा साठलेला असतो. डॉक्टर बोटांनी चाचपडून, उजेडात धरून, ठिपका शोधून हा फरक पाहतात का, यावरूनच पुष्कळ काही कळते. शर्ट वर न करता, कपड्यावरूनच हात फिरवून तारीख देणाऱ्या डॉक्टरांकडे मी तरी स्वतःची गाठ दिली नसती.

काही जागा अशा आहेत की तिथली गाठ कितीही लहान दिसली तरी गावच्या टेबलावर काढू नये. कानशिलावर आणि जबड्याच्या कडेला चेहऱ्याची नस अगदी वरवर असते. ती दुखावली तर भुवई उचलता येत नाही किंवा ओठ वाकडा होतो. मानेच्या बाजूला खांदा उचलणारी नस त्वचेखाली फारशी खोल नसते, आणि मानेतली गाठ क्षयाचीही असू शकते. ती चिरली तर वाहणारी जखम महिनोन्‌महिने भरत नाही. पापणी, नाकाची कड, ओठाची रेषा, स्तन, जांघ आणि मनगटाची आतली बाजू यांनाही हेच लागू आहे. पाठीच्या मधल्या रेषेवर लहान मुलाला जन्मापासून गाठ असेल, तर तिचा संबंध मज्जारज्जूशी असू शकतो. तिला सुई लावण्याचाही विचार करू नये.

महाराष्ट्रातून कुष्ठरोग अजून गेलेला नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानाखाली मानेवर दोरीसारखी लांबट गाठ लागत असेल, तर ती सुजलेली नस असू शकते, आणि कोपराजवळची अशी नस ‘गाठ’ समजून कापणे म्हणजे हात कायमचा अधू करणे होय. फिकट चट्टा असेल तर त्यावर कापसाचा धागा टेकवून तो कळतो का, हे आधी पाहिले पाहिजे. या तपासणीला एक मिनिटही लागत नाही.

आकाराचाही प्रश्न असतो. जागा बधिर करण्यासाठी वापरले जाणारे लिग्नोकेन वजनाच्या हिशेबानेच द्यावे लागते. सावध हिशेब किलोला तीन मिलिग्रॅम असा धरला, तर पन्नास किलो वजनाच्या माणसाला दोन टक्क्यांचे साधे लिग्नोकेन साडेसात मिलिलिटरपेक्षा जास्त देऊ नये. नारळाच्या करवंटीएवढे आवाळू एवढ्या औषधात बधिर होत नाही. मग अर्ध्यावर रुग्ण विव्हळू लागतो, डॉक्टर आणखी औषध भरतात, आणि घाईत काम अपुरे राहते. लिंबापेक्षा मोठी गाठ असेल तर सर्जन गाठावा, असे मी माझ्या रुग्णांना सांगत असे.

आता माझी चूक. मासळी विकणारी एक मावशी टाचेजवळचे काळपट कुरूप घेऊन आली. ‘डॉक्टरानु, ह्या कुरूप एकदा मुळासकट काढून टाका,’ असे ती म्हणाली, आणि मीही त्याला कुरूपच मानले. दिवसभर उभी राहणारी बाई, टणक झालेली कातडी, आत साकळलेल्या रक्तासारखा रंग. सगळे जुळत होते. मी ते ब्लेडने खरवडून काढले, तुकडे दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेले, आणि जागा भरली म्हणून ती मला ताजे बांगडे देऊन गेली. सात-आठ महिन्यांनी ती आली तेव्हा जागा पुन्हा काळी झाली होती आणि जांघेत गाठ उभी होती. तो त्वचेचा काळा कर्करोग होता. आपल्या वर्णाच्या माणसांत हा कर्करोग क्वचित होतो, परंतु होतो तेव्हा बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, हे मी पुस्तकात वाचलेले होते. ते तुकडे तपासणीला पाठवले असते तर किती फरक पडला असता, हे सांगता येत नाही. पण ते पाठवण्यासाठी लागणारी बाटली माझ्या कपाटात होती. त्या दिवसानंतर तळपायावरचा कुठलाही काळा डाग मी स्वतः खरवडला नाही.

तेव्हा पुढील खुणा दिसल्यास ‘काढून टाका’ असा आग्रह रुग्णाने धरू नये आणि डॉक्टरांनीही तो मानू नये. तीळ दोन-चार महिन्यांत वाढला किंवा त्याचा रंग बदलला, त्याची कड वेडीवाकडी झाली, एकाच तिळात दोन-तीन छटा दिसू लागल्या; नखाखालचा काळा पट्टा रुंदावत गेला; नाकाजवळ किंवा डोळ्याच्या कडेला चकचकीत, कधी काळसर अशी पुळी वारंवार खपली धरून फुटू लागली; महिना उलटूनही जखम भरली नाही; किंवा भाजल्याच्या जुन्या व्रणावर नव्याने फोड उठला. यांपैकी कोणत्याही डागाला जाळण्याचे यंत्र, ॲसिड किंवा बर्फाचा फवारा लावू नये, कारण त्यामुळे तपासायला तुकडाच उरत नाही.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. चामखिळीला घोड्याचा केस बांधणे, तिळावर चुना आणि सोडा लावणे, कुरुपावर बिब्बा घालणे किंवा काजूच्या टरफलाचे तेल चोळणे हे अजूनही चालते. त्याने कातडी भाजते, डाग मोठा होतो आणि खाली काय होते ते झाकले जाते. असे काही लावले असेल तर डॉक्टरांना ते लपवू नये. कोणी रागावणार नाही, आणि रागावले तर ऐकून घ्यावे.

शस्त्रक्रियेची वेळ ठरवणे हा आपल्या भागात दर्जाचाच एक भाग आहे, आणि याकडे फार दुर्लक्ष होते. लावणीच्या दिवसांत पायाचे कुरूप किंवा नख काढून घेऊन चिखलात उतरणारा माणूस जखम चिघळवून घेणारच. उलट, पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होडीवर जाणाऱ्याच्या हातावरची गाठ काढायची असेल तर पावसाळा असूनही हाच काळ बरा, कारण त्याचा हात खाऱ्या पाण्यात आणि जाळ्यात जात नाही. गणपतीला आलेले चाकरमानी ‘आलोच आहोत तर पाठीवरची गाठही काढून जाऊ’ म्हणतात, आणि टाके काढायच्या दिवशी ते विरार किंवा डोंबिवलीला असतात. त्यांनी पहिल्याच दिवशी यावे, किंवा कोणत्या धाग्याचे किती टाके घातले आणि ते कोणत्या तारखेला काढायचे हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. शिमग्याच्या आधीच्या महिन्यात खांद्यावरची गाठ काढून घेऊन पालखीला खांदा देणाऱ्या एकाची जखम मी पुन्हा शिवली आहे. टाके निघतात तेव्हा नव्या कातडीत मूळच्या ताकदीचा जेमतेम दहावा हिस्सा आलेला असतो, आणि पालखी तर नाचवायची असते.

गाठ लाल होऊन ठणकत असेल तर ती त्या दिवशी मुळासकट निघत नाही. पू बाहेर काढावा, जखम भरू द्यावी आणि दीड-दोन महिन्यांनी उरलेली पिशवी काढावी. ‘आत्ताच पूर्ण काढा’ या आग्रहापोटी पिशवी फाटते आणि गाठ परत येते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी उपाशी जाऊ नये. बधिर करण्याच्या सुईपेक्षा रिकाम्या पोटी भोवळ येऊन पडणारेच जास्त असतात. मधुमेह, हृदयात बसवलेला पेसमेकर, पूर्वी दाताच्या डॉक्टरांकडे सुन्न करताना झालेला त्रास, हे सर्व आधी सांगावे. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. लहान गाठीच्या रक्तस्रावापेक्षा गोळी थांबवल्याने येणारा झटका भारी पडतो. छातीच्या मध्यभागी, खांद्यावर किंवा कानाच्या पाळीवर पूर्वीचा व्रण फुगून जाड झाला असेल तर तेही दाखवावे. अशा माणसाच्या छातीवरचा निरुपद्रवी तीळ केवळ शोभेसाठी काढला, तर तिळाच्या जागी सुपारीएवढा व्रण घेऊन तो घरी जातो.

संमतीच्या कागदावर सही करताना त्यात काय लिहिले आहे ते वाचावे. तपासणीसाठी तुकडा घेण्याची संमती म्हणजे पूर्ण उपचाराची संमती नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका निकालात स्पष्ट केले आहे.

अवजारांविषयी विचारायला लोकांना संकोच वाटतो, वाटू नये. पाण्यात उकळल्याने सर्व जंतू मरत नाहीत. त्यासाठी दाबाखालची वाफ लागते, १२१ अंश सेल्सिअसला. कापडात गुंडाळलेल्या संचावर एक फिकट पट्टी चिकटवलेली असते, आणि वाफेच्या यंत्रातून गेली की तिच्यावरच्या तिरक्या रेघा काळ्या होतात. हा संच तुमच्यासमोर उघडला गेला आणि रेघा काळ्या दिसल्या, तर त्याने निदान वाफेचे तोंड पाहिले आहे एवढे नक्की समजते. ट्रेमध्ये पिवळ्या द्रावणात बुडवून ठेवलेली कात्री त्याला पर्याय नाही.

चांगला डॉक्टर सुई टोचण्याआधीच पेनाने रेघ आखतो. पडून राहिल्यावर गाठ सपाट होते आणि औषध भरल्यावर तर तिची कड सापडतच नाही. तीळ वाटोळा असला तरी छेद होडीच्या आकाराचा, रुंदीच्या तिप्पट लांब, आणि त्वचेच्या नैसर्गिक सुरकुत्यांच्या दिशेने आखलेला असावा. ‘एवढ्याशा तिळाला एवढी लांब रेघ?’ असे विचारणाऱ्याने लक्षात घ्यावे की आखूड छेद शिवला तर दोन्ही टोकांना चुण्या उभ्या राहतात. औषध आत जाताना चरचरते. ते सावकाश सोडले आणि त्यात थोडा सोडा बायकार्ब मिसळला तर चरचर कमी होते. त्यानंतर दाब आणि ओढ जाणवते, पण दुखत नाही. दुखत असेल तर तसे सांगावे. दात-ओठ खाऊन सहन केल्याने डॉक्टरांचे काम उलट बिघडते.

पिशवीच्या गाठीचे काम पाहण्यासारखे असते. माथ्यावरच्या काळ्या ठिपक्याभोवती होडीसारखा लहान छेद घेतात आणि तेवढा त्वचेचा तुकडा चिमट्यात धरूनच पुढे जातात, कारण पिशवी त्याला लोंबत असते. मग बोथट कात्रीची टोके मिटून आत घालायची आणि उघडायची, असे करत पिशवी सभोवतालच्या मांसापासून सोडवतात. ती मोत्यासारखी पांढरी आणि पातळ असते. घाई केली तर फुटते, लगदा बाहेर येतो, आणि फाटलेल्या भिंतीचा नखाएवढा तुकडा जरी आत राहिला तरी वर्षभरात गाठ परत येते. ‘फुटली होती का, भिंत पूर्ण निघाली का?’ असे नंतर अवश्य विचारावे. प्रामाणिक डॉक्टर सांगतो.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती दोन मिनिटांची आहे. काढलेला तुकडा कुठे जातो हे पाहावे. साध्या लोंबत्या चामखिळीचा अपवाद सोडला, तर कापून काढलेली प्रत्येक गाठ आणि प्रत्येक तीळ पॅथॉलॉजिस्टकडे, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरांकडे, गेलाच पाहिजे, असे माझे मत आहे. ‘दिसायला साधीच आहे’ हे कारण चालत नाही, कारण त्या मासळीवाल्या मावशीचे कुरूपही दिसायला साधेच होते. तुकडा रुंद तोंडाच्या बाटलीत, तुकडा सडू न देणाऱ्या दहा टक्के फॉर्मलिनच्या द्रावणात ठेवायचा असतो. द्रावण तुकड्याच्या निदान दहापट हवे. सलाईनमध्ये ठेवलेला तुकडा तालुक्याहून रत्नागिरीला किंवा कोल्हापूरला पोहोचेपर्यंत सडू लागतो. इंजेक्शनच्या अरुंद बाटलीत कोंबलेला तुकडा आत जाताना मऊ असतो आणि फॉर्मलिनने कडक झाल्यावर बाहेर येत नाही. नाव, तारीख आणि शरीराची जागा बाटलीच्या अंगावर लिहावी, झाकणावर नव्हे. प्रयोगशाळेत चार बाटल्यांची झाकणे एकाच वेळी उघडी असतात. बाटली समोर भरली जात असताना रुग्णाने किंवा सोबतच्या माणसाने लेबल वाचून खात्री करावी. खर्चाची अडचण असेल तर तसे डॉक्टरांना सांगावे आणि सरकारी रुग्णालयातून तपासणी होते का ते विचारावे, पण तुकडा टाकून देऊ नये.

घरी आल्यावर पट्टी पहिले दोन दिवस कोरडी ठेवावी. पावसात ती भिजली तर वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधून बसू नये. घामाने आत आणखी ओल होते. पट्टी सोडून जखम स्वच्छ कापडाने टिपावी आणि नवी पट्टी बांधावी. जखमेवर हळद, कॉफी किंवा पावडर टाकू नये. स्वच्छ जागेवरच्या लहान शस्त्रक्रियेनंतर पाच दिवसांचे अँटिबायोटिक बहुतेकांना लागत नाही. ते दिले नाही म्हणून डॉक्टर हलका, असे समजू नये. टाके चेहऱ्यावरचे पाच ते सात दिवसांनी, डोक्यावरचे सात ते दहा दिवसांनी, आणि पाठ, हात, पाय यांवरचे दहा ते चौदा दिवसांनी काढतात. चेहऱ्यावर ते जास्त दिवस ठेवले तर शिडीसारख्या खुणा राहतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, लाली पसरत गेली, पू किंवा ताप आला, तर दिलेल्या तारखेची वाट पाहू नये. मासळीच्या कामातल्या माणसाची जखम खाऱ्या पाण्यात भिजली आणि काही तासांत हात सुजून निळसर फोड आले, तर रात्र असली तरी मोठे रुग्णालय गाठावे. समुद्राच्या पाण्यातले काही जंतू, विशेषतः यकृताचा आजार किंवा मधुमेह असणाऱ्याला, फार वेगाने घेरतात.

अहवाल साधारण आठवड्या-दीड आठवड्यात येतो. तो फोनवर ‘नॉर्मल आहे’ एवढा ऐकून सोडू नये. कागद हातात घ्यावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात: गाठ कसली निघाली, ती साधी की कर्करोगाची, आणि कर्करोगाची असेल तर कापलेल्या कडा मोकळ्या आहेत का, म्हणजे कर्करोग कडेपर्यंत पोहोचलेला नाही ना. ठरलेल्या दिवशी अहवाल आला नाही तर आपणच चौकशी करावी, कारण गर्दीच्या दवाखान्यात न आलेल्या अहवालाची आठवण सहसा कोणाला होत नाही.

पुढे परळच्या टाटा रुग्णालयात किंवा गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जायची वेळ आली, तर नुसता कागद पुरत नाही. तिथले पॅथॉलॉजिस्ट मूळ तुकडा पुन्हा पाहतात. त्यासाठी पहिल्या प्रयोगशाळेकडून काचेच्या स्लाइड आणि ज्यात तुकडा बसवलेला असतो तो मेणाचा ठोकळा लेखी मागून घ्यावा आणि मिळाल्याची सही द्यावी. हा ठोकळा काड्यापेटीपेक्षाही लहान असतो. तो डब्यात घालून हातातल्या पिशवीतच ठेवावा. मे महिन्यात गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवला, तर मेण मऊ होऊन तुकडा हलू शकतो.